शाई जाते कुठे? सिरोंच्याच्या फोटो स्टुडिओतून

मागच्या उन्हाळ्यात सिरोंच्याला फिल्डवर्क चालू होतं तेव्हा माझ्या बऱ्याच दुपारी एका फोटो स्टुडिओत गेल्या. एक कारण कूलर. दुसरं कारण संशोधनाचं. जे पहिल्यांदाच इथे येतायत त्यांच्यासाठी सांगते: पूर्व विदर्भाच्या जंगलभागात सरकारी कागदावर माणसाचा फोटो कधी आला, कसा आला आणि त्यामुळे काय बदललं, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. त्यामुळे फोटो काढणारी माणसं म्हणजे माझी चालतीबोलती साधनं. या स्टुडिओवाल्यांना सगळे अण्णा म्हणतात. मीही अण्णाच म्हणते. सिरोंचा हा अर्धा तेलुगू मुलूख, इथे वयाने मोठा दिसला की तो अण्णाच.

एकदा पेन खाली पडलं म्हणून मी काउंटरखाली वाकले. तिथे प्रिंटरच्या मागून निघालेली सलाइनची नळी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलेली होती. बाटली निम्म्याहून जास्त भरलेली, आत काळपट जांभळं पाणी.

"अण्णा, हे काय?"

"शाई. वाया गेलेली."

"एवढी?"

"ताई, ही मशीन चालू ठेवली तं शाई पिते. बंद ठेवली तं अजून जास्त पिते."

मला आधी वाटलं, हा धंदेवाल्याचा वैताग आहे. विकत घेतलेली शाई फोटोवर जायची सोडून बाटलीत जाते, वैताग येणारच. पण नंतर वाचत गेले तसं लक्षात आलं की अण्णांचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या तंतोतंत खरं आहे. मशीन बंद ठेवली तर खरंच जास्त पिते. असं का, हे कधीपासून, आणि सिरोंच्यासारख्या गावाला त्याचा फटका पुण्या-मुंबईपेक्षा जास्त का बसतो, हे आज सांगते. शेवटी माझ्या स्वतःच्या संशोधनाचं एक दुखणंही आहे, त्याचं मूळ याच बाटलीशी जाऊन पोचतं.

सुरुवात जरा लांबून करू. कागदाला न टेकता शाई उडवायची ही कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झाले ते, यांनी १८६७ साली 'सायफन रेकॉर्डर' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. समुद्राखालच्या तारेतून येणारे संदेश इतके क्षीण असायचे की पेन कागदावर घासलं तरी त्या घर्षणात संदेश हरवायचा. म्हणून त्यांनी बारीक काचेच्या नळीतली शाई विजेने भारून कागदावर उडवली. नळीचं टोक कागदाला टेकायचंच नाही. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबई समुद्री तारेने इंग्लंडला जोडली गेली, तो याच यंत्राच्या उमेदीचा काळ. बारीक नळी, पातळ शाई आणि हवामान यांचं भांडण तेव्हापासूनचं आहे.

पुढची महत्त्वाची पायरी १९६० च्या दशकात, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. रिचर्ड स्वीट यांनी शाईची अखंड धार सोडली, तिचे एकसारखे थेंब पाडले आणि थेंबाला विद्युतभार देऊन हवा तिकडे वळवला. अक्षर उमटवायला जे थेंब नको असतील ते एका छोट्या पन्हळीत पडायचे आणि तिथून परत टाकीत जायचे. हे वाचताना मी थांबलेच. नको असलेली शाई पन्हळीत धरून पुन्हा वापरायची! बिस्किटाच्या पुड्यावर, पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांची तारीख आणि किंमत छापलेली असते ना, ती बहुतेक वेळा याच जातीच्या यंत्राने छापलेली असते. म्हणजे काउंटरखालच्या बाटलीवरची तारीख छापणारं यंत्र आपली शाई परत घेत होतं आणि त्याच बाटलीत सांडपाणी सोडणारं यंत्र घेत नव्हतं.

मग मधे काय बिघडलं?

बिघडलं म्हणण्यापेक्षा यंत्र स्वस्त झालं. धार, भार, पन्हळ, पंप हा सगळा सरंजाम कारखान्यात परवडतो, टेबलावर नाही. म्हणून हवा तेव्हाच आणि हवा तेवढाच थेंब उडवणारी पद्धत आली. तिचे दोन मार्ग निघाले. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. त्यावरून त्यांनी उष्णतेने बुडबुडा करून थेंब ढकलायची पद्धत बसवली. अमेरिकेत एचपीचे लोकही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचले आणि १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला. दुसरा मार्ग एप्सनने लावून धरला: वीज दिली की किंचित वाकणारा स्फटिक थेंबाला धक्का देतो, उष्णता लागतच नाही.

दोन्हींत थेंब स्वस्तात उडायला लागला, पण आता शाई सतत वाहत नव्हती. ती नोझलच्या तोंडाशी वाट बघत बसायची. नोझल म्हणजे केसापेक्षाही बारीक भोक. शाईत बहुतांश पाणी. पाणी उडून गेलं की रंग तोंडाशीच घट्ट होतो. आपल्याकडे दौतीचं झाकण उघडं राहिलं की टाकाच्या टोकावर पापुद्रा धरायचा, तसंच. टाक पुसता येतो. ही शेकडो भोकं पुसणार कोण?

एचपीचं उत्तर बिनधास्त होतं. हेड काडतुसातच बसवायचं आणि शाई संपली की हेडसकट फेकून द्यायचं. चोंदलं तरी चिंता नाही, नवं काडतूस म्हणजे नवं हेड. एप्सनच्या स्फटिकवाल्या यंत्रात हेड महाग आणि कायमचं. ते चोंदून वाळलं की प्रिंटरच गेला. म्हणून त्याची बडदास्त जास्त ठेवावी लागते. काम नसताना हेड एका कोपऱ्यात रबरी टोपीखाली जाऊन बसतं आणि अधूनमधून खालचा छोटा पंप सगळ्या भोकांतून शाई ओढून बाहेर काढतो. तोंडाशी वाळलेलं त्याबरोबर निघून जातं. ओढलेली शाई पोटातल्या नमद्यासारख्या जाड पॅडमध्ये जिरते. परत टाकीत जात नाही, कारण आता तिच्यात सगळे रंग मिसळलेत, धूळ आलीय, हवेचे बुडबुडे आलेत. अण्णांची सलाइनची नळी ही त्या पॅडकडे जाणारी वाट कुणीतरी बाहेर काढून दिलेली आहे.

म्हणजे ही वाया जाणारी शाई तोंड ओलं ठेवायला, यंत्र जिवंत ठेवायला खर्च होते. बराच काळ बंद राहिलेलं यंत्र सुरू झालं की आधी तोंड धुतं, आणि जितकं जास्त वाळलेलं असेल तितकं जास्त धुवावं लागतं. बंद ठेवली तं अजून जास्त पिते, ते असं.

आता यात फोटो प्रिंटरची भर. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेहमीच्या चार रंगांत फिकट निळा आणि फिकट गुलाबी असे दोन रंग वाढवलेले सहा रंगांचे प्रिंटर आले. गालावरची, कपाळावरची फिकट छटा ठिपके न दिसता उतरावी म्हणून. थेंबही लहान लहान होत गेले. फोटो सुंदर यायला लागले यात वाद नाही. पण चारच्या जागी सहा रंगांची भोकं, आणि त्यातलं एखादं जरी चोंदलं तरी कागदी मजकुरात न दिसणारी रेघ फोटोत कपाळावर आडवी उमटते. घरगुती यंत्रांत बहुतेक सगळ्या रंगांची सफाई एकदमच होते. चोंदलाय फिकट गुलाबी, सांडतायत सहाही.

किती सांडतं? अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०१३ मध्ये प्रिंटर रोज न चालवता मधे मधे बंद ठेवून चाचणी घेतली. कित्येक मॉडेल्समध्ये निम्मी किंवा त्याहून कमी शाई कागदावर पोचली. काहींत तर जेमतेम २० ते ३० टक्के.

यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. काडतुसात शाई शिल्लक असताना चिप 'संपली' म्हणते, या तक्रारीवरून अमेरिकेत एप्सनवर खटले झाले आणि २००६ च्या तडजोडीत ग्राहकांना भरपाई म्हणून कंपनीच्या दुकानातली ४५ डॉलरची सूट मिळाली. फ्रान्समध्ये वस्तू मुद्दाम लवकर निकामी होईल अशी बनवणं हा २०१५ पासून गुन्हा आहे. तिथे 'हॉप' नावाच्या संघटनेने २०१७ मध्ये प्रिंटर कंपन्यांविरुद्ध तक्रार केली आणि वर्षअखेरीस नांतेरच्या सरकारी वकिलांनी एप्सनची चौकशी सुरू केली. तक्रारीतला एक मुद्दा नेमका त्या पॅडचा होता. पॅड किती भरलं हे यंत्र वजन करून बघत नाही. प्रत्येक सफाईला आत एक आकडा वाढतो, तो ठरलेल्या मर्यादेला पोचला की दिवे लुकलुकतात आणि छपाई बंद. टाकीत शाई असो नसो.

ही लूट आहे का? माझ्यापुरतं उत्तर 'अर्धी' असं आहे. सफाई थांबवली तर हेड मरतं, आणि पॅड ओसंडलं तर टेबलावर शाईचा डबका होतो. तेव्हा सफाई आणि मर्यादा दोन्हीला कारण आहे. पण पॅड ग्राहकाला स्वतः बदलता येणार नाही अशा ठिकाणी ठेवणं ही निवड होती. पुढे त्याच कंपन्यांनी बऱ्याच मॉडेल्समध्ये एक डबी दिली, जी भरली की मागून काढायची आणि नवी बसवायची. म्हणजे आधीही देता आली असती. शहरात हा फरक सर्व्हिस सेंटरच्या एका फेरीचा. सिरोंच्याहून जिल्ह्याचं गाव गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पावसाळ्यात आलापल्लीचा रस्ता कसा असतो ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

आता गावाकडे येऊ. या यंत्राला काय सोसवत नाही याची यादी केली तर ती सिरोंच्याचं वर्णनच होईल. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, हवा कोरडी ठणठणीत. वीज न सांगता जाते. हे वीज जाणं फार महत्त्वाचं आहे, कारण प्रिंटर बटणाने बंद केला तरच हेड कोपऱ्यात जाऊन टोपीखाली बसतं. छपाई चालू असताना लाइट गेली तर ते आहे तिथेच, उघड्या तोंडाने, तापलेल्या हवेत राहतं. लाइट आली की आधी सफाई. दिवसातून चारदा लाइट गेली तर चारदा. अण्णांनी कॅमेऱ्याच्याही आधी इन्व्हर्टर घेतला तो यासाठी. (त्यांच्या घरी टीव्हीला इन्व्हर्टर नाही, यावरून काकू अजून बोलतात.)

शिवाय काम एकसारखं नसतं. जून-जुलैत शाळाप्रवेश, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, एका दिवसात रीमच्या रीम. त्याआधी तेंदूपानाच्या हंगामात गावंच्या गावं पहाटेपासून जंगलात, मग स्टुडिओत आठवडाभर कुणी फिरकत नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्सने प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेली परिस्थिती इथे दर वर्षी आपोआप घडते.

मग असलं नाजूक यंत्र इथे आलंच कशाला? कारण फोटो लागत होते, आणि ताबडतोब लागत होते. माझ्या प्रबंधाचा हा मुख्य भाग आहे, इथे फक्त धावतं सांगते. १९९३ मध्ये टी. एन. शेषन यांच्या काळात मतदाराचं फोटो ओळखपत्र आलं. २००६ च्या फेब्रुवारीत रोजगार हमीचा केंद्रीय कायदा देशातल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात गडचिरोली आणि चंद्रपूर दोन्ही होते, आणि जॉब कार्डवर फोटो आला. त्या फोटोचा खर्च योजनेतून करायचा असा नियम होता. बँकेचं पासबुक, रेशन, शिष्यवृत्ती, सगळीकडे दोन प्रती पासपोर्ट साइझ. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिला आधार क्रमांक दिला गेला. तिथे फोटो यंत्रच काढतं, पण आधारची झेरॉक्स जोडलेल्या प्रत्येक अर्जावर पुन्हा वेगळा फोटो चिकटवावा लागतोच. याचं कारण मला अजून कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

त्याआधी रोलचा जमाना. अण्णा सांगतात, काळा-पांढरा फोटो ते अंधाऱ्या खोलीत स्वतःच धुवायचे, पण रंगीत रोल बाहेरगावी पाठवावा लागायचा. गोदावरीवर पूल व्हायच्या आधी पलीकडे जायचं तर नाव. गिऱ्हाईक चार दिवसांनी परत यायचं. वीस-पंचवीस किलोमीटर चालत किंवा सायकलवर आलेल्या माणसाला 'चार दिवसांनी या' म्हणणं म्हणजे अजून एक मजुरीचा दिवस बुडवणं. इंकजेटने हे संपवलं. बसा, उजेडाकडे बघा, दहा मिनिटांत आठ फोटो. शाई वाया जाते म्हणून यंत्राला शिव्या देताना हे विसरून चालणार नाही. ती शाई गिऱ्हाइकाच्या एका दिवसाच्या बदल्यात वाया जाते.

काडतुसाचा भाव मात्र या हिशोबात बसत नव्हता. काही मिलिलिटर शाई, आणि त्यातलीही निम्मी सफाईत. मग देशभरातल्या छोट्या दुकानांनी जे केलं तेच इथेही झालं. आधी सिरिंजने काडतूस पुन्हा भरणं. मग बाहेर बाटल्या ठेवून त्यातून बारीक नळ्यांनी काडतुसांना अखंड शाई पुरवणारी जोडणी. नळ्या चिकटपट्टीने लावलेल्या, चिपला फसवायला दुसरी चिप, आणि पॅडचा आकडा शून्यावर आणायला पेन ड्राइव्हमधून फिरणारं सॉफ्टवेअर. वॉरंटी गेली, पण फोटोचा खर्च कितीतरी पटींनी उतरला. अण्णांनी ही जोडणी मंचेरियालहून आणली. सिरोंच्याचा बाजार बऱ्याच बाबतीत तेलंगणातच असतो.

आणि इथे मला या इतिहासातली सगळ्यात रंजक गोष्ट दिसते. ऑक्टोबर २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात कारखान्यातूनच मोठी शाईची टाकी लावलेला प्रिंटर आणला. काडतूस नाही, बाटलीने शाई ओतायची. त्याच्या पुढच्या वर्षी तो भारतात आला. इंडोनेशियातच पहिल्यांदा का? कारण तिथले दुकानदार कंपनीच्या यंत्रांना बाहेरून टाक्या लावून वापरतात हे कंपनीला दिसत होतं. यंत्र स्वस्त विकायचं आणि शाईत कमवायचं हे गणित या बाजारात कुणी चालू देत नव्हतं. तेव्हा कंपनीने गणितच उलटं केलं: यंत्र महाग, शाई स्वस्त. पुढे एचपी, कॅनन, ब्रदर सगळे त्याच वाटेने गेले आणि नंतर तेच प्रिंटर युरोप-अमेरिकेतही विकले गेले.

तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवताना साधारण असं सांगतात की शोध टोकियोत किंवा कॅलिफोर्नियात लागतो आणि झिरपत झिरपत आपल्यापर्यंत येतो. इथे उलटं झालं. चिकटपट्टीने नळ्या लावणाऱ्या लोकांनी काय परवडत नाही ते दाखवून दिलं आणि कारखान्याने ते उचललं. त्यात सिरोंच्याचं नाव कुठल्याही कागदात येणार नाही. पण अण्णांच्या माळ्यावर त्या नळ्यांचं भेंडोळं अजून आहे, मी फोटो काढून ठेवलाय.

एवढं होऊनही बाटली भरतेच. कारण टाकीने शाई स्वस्त झाली, सफाई थांबली नाही. उलट नळ्या लांब झाल्या, त्यात हवा शिरली की ती काढायला अजून ओढ.

आता माझं दुखणं.

माझं काम जुन्या अर्जांवरच्या, कार्डांवरच्या फोटोंवर आहे. लोक आपल्या पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढतात आणि सगळे कागद माझ्यासमोर पसरतात. त्यात एक विचित्र क्रम दिसतो. १९७०-८० च्या दशकांतले काळे-पांढरे फोटो थोडे पिवळे पडलेत, पण चेहरा स्वच्छ आहे. २००५ ते २०१५ च्या सुमाराचे रंगीत फोटो मात्र गेलेत. काही केशरी झालेत, काहींत निळा उडून नुसता गुलाबी चेहरा उरलाय, काहींत नाक-डोळे शोधावे लागतात. सर्वांत नवे कागद सर्वांत आधी पुसले जातायत.

कारण शाईच्या जातीत आहे. रंगद्रव्य पाण्यात पूर्ण विरघळवून केलेली शाई भोकात कमी अडकते आणि फोटोत झळकते, म्हणून फोटो प्रिंटरमध्ये बहुतेक तीच असते. पण विरघळलेला रंग ऊन, ओल आणि हवा तिघांपुढेही दुबळा. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० या नव्या प्रिंटरचे फोटो काही लोकांच्या घरी आठवड्याभरातच केशरी पडले. ऊन लागलेलं नसताना! कारण निघालं हवेतला ओझोन. झटकन वाळणाऱ्या चकचकीत कागदाला सूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांत शाई पटकन शिरते, तशी हवाही शिरते. कंपनीला पैसे परत द्यावे लागले. त्याच वर्षी तिने न विरघळणारे रंगकण असलेल्या शाईचा फोटो प्रिंटरही आणला, जास्त टिकणारा आणि महाग. पण आपल्या छोट्या स्टुडिओंत विरघळणारी शाईच राहिली, तीही पुष्कळदा सुटी, भरणीची, आणि कागद मिळेल तो.

दुसरं संकट पाणी. जुलै २०२२ मध्ये गोदावरी आणि प्राणहितेला महापूर आला, सिरोंचा तालुक्यातली गावं हलवावी लागली. पूर ओसरल्यावर लोकांनी कागद दोरीवर वाळत घातले. बॉलपेनचं लिखाण वाचलं, शिक्के थोडे फुटले, आणि इंकजेटचे फोटो बऱ्याच ठिकाणी वाहून गेले. एका आजींनी मला त्यांचं कार्ड दाखवलं, फोटोच्या जागी जांभळा ढग होता. त्यांचे यजमान वारलेत. त्या कार्डावर दोघांचा एकत्र फोटो होता आणि घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. अर्जाला चिकटवलेला दोन रुपयांचा फोटो हाच पुष्कळ घरांतला एकमेव फोटो असतो, हे मला या कामात फार उशिरा कळलं.

हेच सिरोंचा १८६० पासून १८७४ पर्यंत 'अपर गोदावरी' जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. गोदावरीतून बोटी वर न्यायची मोठी योजना होती, ती १८७१ च्या सुमारास गुंडाळली आणि नंतर जिल्हाही चांद्यात विलीन झाला. त्या काळच्या कचेऱ्यांत ज्या शाया चालत त्यांत टॅनिन आणि लोहाच्या क्षाराची शाई मुख्य. आपल्याकडे ती हिरडा आणि हिराकस यांची करत. दुसरी देशी शाई काजळी आणि डिंकाची, ती तर शतकानुशतकं टिकते. काजळी पाण्यात विरघळत नाही, नुसती डिंकाने कागदाला धरून राहते. आज 'पिगमेंट इंक' म्हणून जी महाग विकतात, तिच्यातला काळा रंगही काजळीच्याच कुळातला कार्बन. हिरडा आणि डिंक आजही याच जंगलातून गोळा होऊन बाहेर जातो. टिकाऊ शाईचं सामान इथून जातं आणि उडणारी शाई मंचेरियालहून येते, हे मी अण्णांना सांगितलं तर ते नुसते हसले. "हिरडा टाकला तं हेड जाम होईल ना, ताई."

बरोबर आहे. जी शाई कागदावर टिकते ती भोकात अडकते, आणि जी भोकात अडकत नाही ती कागदावर टिकत नाही. अगदी इतकं काळं-पांढरं नाही, आधुनिक पिगमेंट शाईने बरीच मजल मारली आहे, पण स्टुडिओवाल्याची कोंडी हीच आहे. त्याच्या हातात अर्ज उद्याच्या उद्या स्वीकारला जाईल एवढं असतं. वीस वर्षांनी कुणी संशोधक येऊन तो फोटो बघेल, याचा हिशोब त्याने का ठेवावा?

अण्णांचा मुलगा आता उष्णतेने पट्टीवरचा रंग कागदावर चढवणारा छोटा प्रिंटर घेऊन आलाय. त्यात भोकं नाहीत, सफाई नाही, बंद ठेवला तरी काही पीत नाही, आणि वरून पारदर्शक थर बसतो त्यामुळे पाण्यालाही टिकतो. मात्र एक फोटो छापा की आठ, पट्टीचा तेवढा भाग पुरा खर्च होतो, मग एकच फोटो मागणारं गिऱ्हाईक आलं की तो चुळबुळतो. जुनी मशीन अण्णांनी काढलेली नाही. शाळेचे अर्ज, ओळखपत्रं तिच्यावरच निघतात.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी मला कागदांचा एक गठ्ठा दिला. यंत्र नीट चालतंय का बघायला रोज सकाळी एक चाचणीचा कागद काढतात, सहा रंगांच्या बारीक रेघांची जाळी. रेघ तुटलेली दिसली की ते भोक चोंदलं, मग सफाई, मग पुन्हा कागद. हे कागद अण्णांनी कधी फेकले नाहीत, कारण मागची बाजू कोरी असते. त्यावर त्यांनी उधारी लिहिली, तारखेसकट, बॉलपेनने. म्हणजे एका बाजूला यंत्र कोणत्या दिवशी किती चोंदलं होतं आणि दुसऱ्या बाजूला त्या दिवशी कोण फोटो काढायला आलं, कुठल्या गावाहून, आणि किती पैसे राहिले. रेघा मी वाचू शकते. मे महिन्यातले कागद पुढच्या बाजूने जास्त तुटके आणि मागच्या बाजूने जवळजवळ कोरे आहेत, इतपत कळलंय. मागची बाजू तेलुगूत आहे. अक्षरओळखीचं पुस्तक आणलंय, सध्या बाराखडीपर्यंत पोचलेय.